आडनांव एक, गोत्र निराळें

लग्न जमवितांना आपल्याकडील वडील माणसें केवळ आडनांवावर थांबत नाहींत, गोत्र विचारतात. एक जोशी आणि दुसरा जोशी, एवढ्यावरून ते एका कुळांतले ठरत नाहींत. उलट एक कुलकर्णी आणि दुसरा देशपांडे असूनही दोघांचें गोत्र एकच निघतें, व बोलणें तेथेंच थांबतें. आडनांव बहुधा वृत्तीवरून, गांवावरून किंवा एखाद्या पूर्वजाच्या हुद्द्यावरून पडलेलें असतें. रक्ताचा संबंध त्यावरून कळत नाहीं. माणसांच्या बाबतींत हा विवेक आपण पिढ्यान् पिढ्या पाळीत आलों आहों. पांखरांच्या बाबतींत मात्र मी, शिक्षक असूनही, आडनांवावर विसंबलों. आणि त्या चुकीची किंमत एका निरपराध जोडप्यास द्यावी लागली. ती हकीकत आजवर कोणास सांगितली नव्हती. ती सांगण्याचें निमित्त गेल्या महिन्यांत घडलें.

माझा एक जुना विद्यार्थी आफ्रिकेंत केनिया देशांत नोकरीस आहे. त्यानें तेथील कोरड्या रानांतून एका पक्ष्याचें छायाचित्र मोबाइलवर पाठविलें. पक्षी साधारण चिमणीएवढा. पाठ काळी, तीवर पांढुरका पट्टा, पोट पांढरें, दोन्ही कुशींवर विटकरी रंगाचा ओघळ, डोळ्यावर रुंद पांढरी भुंवई, चोंच जाड व टोंकाशीं किंचित् वांकलेली. सोबत चार ओळी होत्या : "गुरुजी, साष्टांग नमस्कार. येथें बाभळीच्या जातीचीं झाडें पुष्कळ आहेत. त्यांच्या शेंड्यांत हा पक्षी नेहमीं दिसतो. आवाज जुन्या टेलिफोनच्या घंटीसारखा. आपण पांचवींत शिकविलेल्या नियमाप्रमाणें हा खाटीकच ना?"

'नियम' हा शब्द वाचला आणि हातांतील चहा निवून गेला. तो नियम माझाच होता. कोणत्याही पुस्तकांतला नव्हता.

तें १९८७ साल. टेंभू योजनेचें कृष्णेचें पाणी कडेगांवाकडे येण्यास अजून अवकाश होता. सह्याद्रीवरचा पाऊस कऱ्हाडपर्यंत येतां येतां ओसरतो, आणि आमच्या माळांवर पोहोंचतो तो उरलासुरला. त्यामुळें शाळेच्या मागें ऊंस नव्हता. कुसळाचें माळरान, बांधावर बोरी-बाभळी आणि ओढ्याकांठीं लिंबाचीं चार झाडें होतीं. बाभळीच्या एका कांट्यावर टोळ टोंचलेला मुलांना सांपडला. तो त्यांनीं वर्गांत आणला आणि मला विषय मिळाला. खाटीक नांवाचा पक्षी कसा असतो, तो टोळ, सरडे, उंदरांचीं पिलें व प्रसंगीं लहान पांखरेंही कशीं मारतो, तीं कांट्यावर कशीं टांगून ठेवतो, हें मीं रंगवून सांगितलें. रंगवून सांगण्याची हौस शिक्षकाला असतेच. त्या भरांत मीं त्यास 'पापी' म्हटलें, 'कसाई' म्हटलें. ओळखावयाचा कसा, असें एकानें विचारतांच मीं बोट वांकवून दाखविलें : "चोंचीचें टोंक वांकडें, डोळ्यावर काळा पट्टा, कीं समजावें हाच तो खाटीक."

तिसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत हा मुलगा धांवत आला. एका हातांत गलोल, दुसऱ्या हातांत पाय धरून उलटें लोंबतें पांखरूं. "गुरुजी, खाटीक मारला!" मीं चोंच पाहिली, वांकडी होती. डोळ्यामागें काळसर पट्टा होता. मीं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि 'शाबास' म्हटलें.

त्या रात्रीं शाळेच्या कपाटांतील सालिम अलींचें पुस्तक घरीं आणून चाळीत बसलों. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचें हें इंग्रजी पुस्तक प्रथम १९४१ सालीं निघालें. आमच्याकडे त्याची एक नंतरची आवृत्ति होती. चित्र पाहिलें, वर्णन वाचलें, आणि कंदील मोठा करून पुन्हां वाचलें. मुलानें आणलेलें पांखरूं खाटीक नव्हतेंच. तो रानखाटीक होता. नांवांत खाटीक आहे एवढेंच. तो कांट्यावर कांहीं टोंचीत नाहीं, कोणाचीं पिलें पळवीत नाहीं. पानांतून आणि फांद्यांच्या सालीवरून किडे टिपतो, झालें.

दुसऱ्या दिवशीं ओढ्यावर गेलों. लिंबाच्या एका वाळक्या फांदीवर जोडींतलें उरलेलें पांखरूं बसलें होतें. रानखाटकाची बोली दोन भागांची असते : आधीं दोन हळुवार शिट्ट्या, आणि मग भरभर चढत जाणारे चार-पांच सूर, ज्यांचा शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर उचलला जातो. तो प्रश्न तें पांखरूं पुनःपुन्हां विचारीत होतें. फांदीच्या बेचक्यांत त्याचें घरटें होतें; हाताच्या तळव्यांत मावेल एवढी वाटी, कोळिष्टकानें सांधलेली, सालीचे कपटे लावून फांदीच्याच रंगाची केलेली. आंत तीन अंडीं. आठवड्यानें पुन्हां पाहिलें तेव्हां पांखरूं नव्हतें आणि अंडीं गार पडलीं होतीं.

मीं वर्गांत यांतलें कांहीं सांगितलें नाहीं. शिक्षकानें चूक कबूल केल्यास मुलांचा विश्वास उडतो, अशी त्या काळीं माझी समजूत होती. ती चूक मीं तशीच राहूं दिली, आणि ती अडतीस वर्षें टिकून, समुद्र ओलांडून, मोबाइलवर माझ्याकडे परत आली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खाटीक कोणता व रानखाटीक कोणता, हें घरच्या घरीं कसें ओळखावें? आमच्या भागांत खरे खाटीक मुख्यतः तीन. पहिला राखी खाटीक. लांबी सुमारें १० इंच, म्हणजे जवळजवळ साळुंकीएवढी, पण अंगानें सडपातळ व शेपटीनें लांब. पाठ निळसर राखी, पोट पांढरें, पंख व शेपटी काळी-पांढरी, आणि चोंचीपासून डोळ्यांवरून मागें गेलेली ठसठशीत काळी पट्टी. जणूं गांधारीची पट्टी डोळ्यांच्या जागीं भोंकें पाडून बांधली आहे. उघड्या माळावर एकाद्या बोरीच्या शेंड्यावर हा एकटा बसतो. त्याच्या जातीला १७५८ सालीं लिनीयसनें दिलेल्या लॅटिन नांवांत 'लानिउस' म्हणजे खाटीक आणि 'एक्सक्यूबिटर' म्हणजे पहारेकरी. आपल्या दख्खनी प्रकाराचें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनीं १८३२ सालीं केलें. मुंबई सरकारच्या नोकरींत दख्खनची पाहणी करीत असतां त्यांनीं येथील पक्ष्यांची यादी तयार केली होती, आणि या खाटकास त्यांनीं 'लहटोरा' हें देशी नांवच दिलें.

दुसरा लांब शेपटीचा खाटीक. लांबी तितकीच, परंतु डोकें व पाठीचा वरचा भाग राखी आणि कमरेकडे तांबूस. हा दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यांत पटाईत, म्हणून त्यास नकल्या खाटीक असेंही म्हणतात. तिसरा छोटा खाटीक, बुलबुलाहून किंचित् लहान, सुमारें ७ इंच. पाठ गडद विटकरी, डोकें राखी, कपाळ काळें, पंखावर पांढरा ठिपका. उडतांना हा जमिनीलगत जातो आणि पुढच्या झुडपापाशीं पोहोंचतांच एकदम वर उचलून बसतो. याखेरीज हिवाळ्यांत उत्तरेकडून तपकिरी खाटीक येतो. त्याचाच रानखाटकाशीं घोटाळा होण्याचा संभव अधिक. कारण दोघांचा रंग मातकट, दोघांना भुंवई व पट्टी. परंतु तपकिरी खाटकाची शेपटी लांबट व तांबूस असते, तो एकटा बसतो, आणि उन्हाळा तापूं लागतांच निघून जातो.

आतां रानखाटीक. लांबी सहा-सात इंच. अंग राखट तपकिरी, डोळ्यावर रुंद पांढुरकी भुंवई, तिच्याखालीं गालावर गडद पट्टी. शेपटी आंखूड, टोंकाशीं सरळ कापलेली, गडद रंगाची, पण दोन्ही कडांचीं पिसें पांढरीं. उडतांना ती पांढरी किनार स्पष्ट दिसते. चोंच जाड व आंकडेबाज आहे खरी. तिनेंच मला फसविलें. परंतु वागणें पाहावें. खरा खाटीक एकटा, उघड्यावर, एका ठिकाणीं टेहळणी करीत बसतो आणि खालीं झडप घालतो. रानखाटीक जोडीनें अथवा चौघा-पांचांच्या टोळीनें झाडाच्या माथ्यांत फिरतो, एका फांदीवरून दुसरीवर जात किडे टिपतो, आणि इतर लहान पांखरांच्या मेळ्यांत बिनधास्त मिसळतो. त्या मेळ्यांतलें कोणी त्याला भीत नाहीं. ज्याच्या शेजारीं दुबळे निर्भयपणें वावरतात त्याला खाटीक म्हणण्यापूर्वीं मीं दोनदां विचार करावयास हवा होता.

आचरणावरून वर्ग करण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सत्ताविसाव्या अध्यायांत, प्राण्यांचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यांत झडप घालून खाणारे ते प्रसह, उकरून विखुरून खाणारे ते विष्किर, आणि चोंचीनें टोंचून खाणारे ते प्रतुद. पक्षी दिसतो कसा यापेक्षां तो खातो कसा, याकडे त्या आचार्यांचें लक्ष होतें. त्याच प्रतुदांच्या यादींत 'लटूषक' असें एक नांव येतें, आणि हिंदींत खाटकाला लटोरा म्हणतात. संस्कृत शिकलेल्या माणसास येथें मोठा मोह पडतो. परंतु जो एकदां आडनांवानें ठकला, त्यानें नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवूं नये. म्हणून तो विषय येथेंच सोडतों.

मग केनियांतला तो पक्षी कोण? त्याचें नांव ब्रुब्रू. तें त्याच्या घरघरत्या आवाजावरून पडलें आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, जेथें जेथें कोरडीं विरळ वनें आहेत तेथें तेथें तो बहुतेक आढळतो. इंग्रज लोक त्याच्या कुळास 'बुशश्राइक', म्हणजे झुडपांतले खाटीक, असें म्हणतात. या कुळांत सुमारें ५० जाती असून तीं सर्व मुख्यतः आफ्रिकेंतलीं. त्यांतील कांहीं पिवळ्याधमक रंगाचीं आहेत. कित्येकांत नर एक स्वर काढतो आणि मादी तत्काळ दुसऱ्या स्वरानें तो पुरा करते, इतका कीं ऐकणारास एकच पक्षी गातो असा भास व्हावा. ब्रुब्रूचें शास्त्रीय नांव मोठें गमतीचें आहे. १८२७ सालीं स्वेन्सन यांनीं खाटकाच्या 'लानिउस' या नांवांतील अक्षरांची उलटापालट करून त्याच्यासाठीं 'निलाउस' असें नांव बनविलें. खाटकासारखा, पण खाटीक नव्हे, हेंच जणूं त्या अक्षरांच्या खेळांत सांगितलें गेलें.

जुन्या ग्रंथकारांनीं खाटीक, झुडपांतले खाटीक आणि आपला रानखाटीक या सर्वांस एकाच कुळांत बसविलें होतें. कारण तेंच, जें माझें होतें : चोंच वांकडी. पुढें रानखाटकास तेथून काढून दुसऱ्या कुळांत घातलें, पण तेथेंही तो नीट बसेना. गेल्या कांहीं दशकांत डीएनए ताडून पाहण्याचें साधन हातीं आलें, आणि गोत्रावळीची वही नव्यानें लिहिली गेली. तींत असें दिसून आलें कीं खरे खाटीक हे कावळ्यांच्या शाखेला जवळचे. रानखाटीक मात्र मादागास्कर बेटावरील वांगा नांवाच्या पक्ष्यांच्या कुळांतला. आणि त्या कुळाचे जवळचे आप्त म्हणजे आफ्रिकेंतील हे झुडपांतले खाटीक. ब्रुब्रू आणि आपला रानखाटीक सगोत्र नव्हेत. पण गोत्र वेगळें असलें तरी गण एक, असें म्हणावयास हरकत नाहीं.

म्हणजे झालें काय तें पाहा. ओढ्यावरच्या लिंबांतला रानखाटीक आणि शंभर पावलांवरच्या बाभळीवरचा खाटीक हे नांवानें भाऊ, पण नात्यानें दूर. आणि समुद्रापलीकडे, ज्याचें नांवही आम्हीं ऐकलें नव्हतें, तो त्याचा जवळचा. दोघांच्या घरट्यांचें वर्णन शेजारीं ठेवलें तर आश्चर्य वाटतें. ब्रुब्रूही फांदीच्या बेचक्यांत कोळिष्टकानें सांधलेली लहानशी वाटी करतो, तिच्यावर दगडफुलाचे कपटे चिकटवितो, आणि ती झाडाचीच गांठ वाटावी अशी दडवितो.

एवढें सांगून थांबलों तर अर्धेंच सांगितलें असें होईल. मुलानें मारलेला पक्षी खरा खाटीक असता, तर माझें 'शाबास' योग्य ठरलें असतें काय? नाहीं. ससाण्याचे पाय बळकट असतात. तो भक्ष्य पंज्यांत आवळून फाडूं शकतो. खाटकाला चोंच शिकाऱ्याची मिळाली, तिला ससाण्यासारखा दांताही आहे. पण पाय मात्र साध्या पांखराचे. भक्ष्य धरून ठेवण्यास दुसरा हात नाहीं, म्हणून तो कांट्याचा उपयोग करतो. आणि भुकेच्या वेळेसाठीं कांहीं राखूनही ठेवतो. फणस फोडतांना आपण विळी पायाखालीं दाबतों, त्याहून यांत अधिक क्रौर्य तें काय? त्याच्या कांट्यावरचे टोळ हे आपल्याच ज्वारीचे चोर असतात. आणि 'खाटीक' हा शब्द मीं ज्या तिरस्कारानें उच्चारला, तोही बरा नव्हता. आपल्या शाकाहारी घरांत हा शब्द ऐकतांच कपाळास आठी पडते. परंतु प्रामाणिकपणें पोट भरणाऱ्या माणसाच्या व्यवसायाचें नांव शिवीसारखें वापरून मीं वर्गांतील मुलांना पक्षिशास्त्राहून वाईट असें कांहीं शिकविलें. ओळखण्यांत चूक झाली ती एक. न्याय देण्याची घाई झाली ती दुसरी, आणि तीच मोठी.

घरांत मुलें असतील तर त्यांना पांखरूं दाखवितांना पांच गोष्टी पाहावयास सांगाव्या. भुंवई आहे काय व ती कशी. शेपटी लांब कीं आंखूड, आणि उडतांना तिची कड कोणत्या रंगाची. एकटें बसतें कीं सोबत्यांत. शेंड्यावर बसून झडप घालतें कीं पानांत हिंडून टिपतें. आणि पांचवी, बोलतें कसें. या पांचांपैकीं निदान तीन जुळल्यावांचून नांव घेऊं नये. चोंच सर्वांत शेवटीं पाहावी. आणि नांव कळलें म्हणजे त्याचें पापपुण्य कळलें, असें तर मुळींच समजूं नये.

सागरेश्वर येथें, देवराष्ट्र्याजवळच्या टेंकड्यांवर, धों. म. मोहिते यांच्या पुढाकारानें लोकांनीं झाडें वाढविलीं. त्या रानास १९८५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारें ११ चौरस किलोमीटर. उघडे डोंगर माणसांनीं लावलेल्या झाडांनीं पुन्हां झांकले जातात, याचें तें आमच्याच तालुक्यांतलें उदाहरण. गेल्या फाल्गुनांत तेथें गेलों असतां एका खैराखालीं उभा राहिलों, आणि माथ्यावर त्या दोन हळुवार शिट्ट्या व मागोमाग तो वर उचललेला प्रश्न ऐकूं आला. जोडी होती. तीं दोघें एकमेकांच्या मागोमाग फांद्या तपाशीत पुढें गेलीं. मी पुष्कळ वेळ तेथेंच होतों.

विद्यार्थ्यास मीं लिहिलें : "अनेक आशीर्वाद. तूं पाठविलेला पक्षी ब्रुब्रू. तो खाटीक नव्हे. तूं १९८७ सालीं आणलेला पक्षीही खाटीक नव्हता. तो रानखाटीक होता, आणि त्याचें घरटें ओढ्यावरच्या लिंबांत होतें. नियम माझा चुकला होता. हें मला त्याच रात्रीं कळलें, आणि मीं तुला सांगितलें नाहीं. 'शाबास' मीं म्हटलें, म्हणून दोष माझा, तुझा नव्हे."

दोन दिवस उत्तर आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आलें. त्यांत समजूत घालणें नव्हतें आणि गाऱ्हाणेंही नव्हतें. एवढेंच होतें : "गुरुजी, तो नियम मीं माझ्या मुलीसही शिकविला होता. काल संध्याकाळीं तिला बदलून सांगितला."